थोरलीचा बीप

नमस्कार मंडळी. दोन वर्षं झाली या ग्रुपवर आहे. सगळ्यांचे अनुभव वाचते आणि खरं सांगू का, बऱ्याच वेळा हसते. राग मानू नका. वडाखालची बाई, मागून येणारे पैंजण, लिफ्ट मागणारा म्हातारा... वाचायला मजा येते, पण विश्वास? अजिबात नाही.

आमच्या घरात हा विषयच नसतो. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवशी देव्हारा उचलला तो उचललाच. अंगारा नाही, लिंबू-मिरची नाही, दृष्ट काढणं नाही. चौथीत असताना मैत्रिणीचं ऐकून मी मनगटाला काळा दोरा बांधून घरी आले होते. पप्पा ओरडले नाहीत. कपाटातून कात्री आणून माझ्या हातात दिली अन् म्हणाले, "तूच काप." कापला. त्या घरातली मी पोरगी. आणि तीच हितं लिहितीय, म्हणजे बघा.

आधीच सांगते — रात्र नव्हती. अमावस्या होती का ते मला माहीत नाही, कमेंटमध्ये विचारू नका. टळटळीत दुपार होती आणि माझ्या हातात अर्धा वडापाव होता.

मी मूळची बारामतीची. पप्पा एमआयडीसीत दुधाच्या प्लांटवर मशीन ऑपरेटर. एमएस्सी झाल्यावर मला लांडग्यांच्या प्रोजेक्टवर काम मिळालं. व्हय, लांडगे! घरच्यांना आधी वाटलं मी चेष्टा करतीय. इंदापूर तालुक्यात कळंबला आम्ही एक खोली भाड्यानं घेतली होती, तीच ऑफिस, तीच राहायची. तिथून थोडं पुढं गेलं की ऊस संपतो आणि माळ सुरू होतो. कुसळीचं गवत, तरवड, मधूनच हिवराचं झाड, मुरमाचे ओघळ. लोक म्हणतात पडीक आहे. पडीक!! त्या पडिकात चिंकारा आहे, खोकड आहे, चंडोल आहेत आणि लांडग्यांचा एक कळप होता. हिवाळ्यात पुण्यापासनं गाड्या भरून लोक भिगवणला फ्लेमिंगो बघायला जातात, मासे खातात अन् परत जातात. आमच्या माळाकडं मान वळवून कोण बघत नाही. असो, चिडायचं नंतर आहेच.

टीम छोटी. एक मॅडम — पुण्याच्या, शास्त्रज्ञ, स्वभावानं कडक पण मनानं चांगल्या. एक मी. आणि दत्ताभाऊ, कळंबचेच. बोलेरो चालवायचे आणि माळावर आमच्यासोबत फिरायचे. त्यांच्या घरी पूर्वी मेंढरं होती, आता ऊस आहे. ते म्हणायचे, "माझ्या बापानं जल्मभर लांडग्याला शिव्या दिल्या अन् मी त्याच लांडग्याच्या जिवावर पगार घेतोय. वर बाप कपाळाला हात लावून बसला आसंल." मला ते 'बारक्या मॅडम' म्हणायचे.

कळपातल्या दोन जनावरांच्या गळ्यात आम्ही रेडिओ कॉलर घातली होती, एक मादी आणि तिचा नर. कागदावर त्यांना नंबर होते, पण दत्ताभाऊंनी मादीचं नाव ठेवलं होतं थोरली. एकदा फोनवर ते मला म्हणाले, "थोरली आज उसात जाऊन झोपलीया, उठायचं नाव न्हाय." स्पीकर चालू होता अन् मॅडम शेजारीच बसलेल्या. त्यांना वाटलं, हे आपल्या बायकोबद्दल असं बोलतायत. त्या दोन दिवस दत्ताभाऊंशी धड बोलल्या नाहीत. मग मीच सांगितलं की थोरली म्हणजे लांडगीण.

आता थोडं टेक्निकल, पण वाचा, नाहीतर पुढचं कळणार नाही. कॉलरमधून सतत सिग्नल निघतो. आपल्या हातात रिसीव्हर आणि जुन्या टीव्हीच्या अँटेनासारखी अँटेना. प्रत्येक कॉलरची फ्रिक्वेन्सी वेगळी — थोरलीची चॅनेल एकवर सेव्ह, नराची दोनवर. अँटेना गोल फिरवायची, जिकडं बीप सगळ्यात मोठा येईल तिकडं जनावर. असं तीन वेगवेगळ्या जागांवरून करायचं आणि नकाशावर तीन रेघा मारायच्या. रेघा जिथं मिळतात तिथं जनावर असतं. आणि जनावर जिवंत, हलतंय, तर बीप हळू येतो. बीप... बीप... बीप... असा. कॉलर बरेच तास हललीच नाही तर तो आपोआप दुप्पट होतो. बीपबीपबीपबीप. त्याला दत्ताभाऊ 'मेल्याचा बीप' म्हणायचे. शेवटचं एक. कॉलरला एक लोहचुंबक लावला की ती बंद होते. मग सिग्नल नाही, काही नाही, नुसता पट्टा.

हे लक्षात ठेवा.

थोरलीच्या कॉलरचा जीपीएस दिवाळीतच बिघडला होता, फक्त बीप चालू होता. जानेवारीत ती दिसेनाशी झाली. मॅडम खूश, म्हणाल्या नक्की बिळात आहे, पिल्लं झाली असणार. लांडगीण पिल्लांसाठी मातीत बीळ करते, आणि आत असली की सिग्नल फार क्षीण येतो. आम्ही मुद्दाम जवळ गेलो नाही. माणसाचा वास लागला की ती पिल्लं उचलून दुसरीकडं नेते. त्यामुळं बीळ नक्की कुठं आहे ते आम्हाला माहीत नव्हतं.

आणि एका सकाळी चॅनेल एकवर मेल्याचा बीप.

रस्त्याकडेच्या चारीत पडली होती. कारखान्याचा सीझन चालू, उसाच्या ट्रॉल्या रात्रंदिवस पळत होत्या, त्यातल्याच कुठल्या तरी ट्रॅक्टरनं उडवलेली. अंगावर फार जखम नव्हती. दत्ताभाऊंनी तिला उलटी केली आणि हात मागं घेतला. सडं दुधानं टम्म भरलेली होती.

"पोरं हायती हिची," ते म्हणाले. "कुटं तरी वाट बघत बसल्याली."

मॅडमनी पट्टा कापला, पुसला, चुंबक लावला, टेपनं गुंडाळला आणि खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवून किल्ली पर्समध्ये टाकली. हे सगळं माझ्यासमोर. मी स्वतः रिसीव्हर लावून बघितलं, चॅनेल एक बंद. नुसती खरखर.

त्याच आठवड्यात कळलं की माळावर चर काढायचेत. झाडं लावायची मोहीम. गवताच्या माळावर झाडं!! मॅडम सरकारी ऑफिसात जाऊन किती वेळा सांगून आल्या होत्या की साहेब, हे जंगल तुटलेलं नाही, हा माळच आहे, गवत हेच याचं जंगल. ते म्हणायचे, मॅडम तुमचं बरोबर आहे पण टार्गेट आहे. सोमवारपासून जेसीबी येणार होता. मॅडमनी विनंती केली तेव्हा उत्तर मिळालं की बीळ दाखवा, तेवढा भाग सोडतो. अख्खा माळ थांबवता येणार नाही.

म्हणजे सोमवारच्या आत बीळ सापडायला पाहिजे होतं. नाहीतर जेसीबीचं बकेट आणि पिल्लं... समजून घ्या.

आम्ही वेड्यासारखं शोधलं. दत्ताभाऊ ठाम होते की गेल्या सालच्याच जागेला असणार. तिथं गेलो तर साळिंदराचे काटे पडलेले, बाकी काही नाही. मॅडमचा अंदाज उत्तरेकडच्या ओघळाचा, तिथंही नाही. नराच्या मागं जावं म्हणलं तर तो उसात घुसून बसलेला. पायात कुसळं घुसून सॉक्स रक्तानं कडक झाले. शनिवार दुपार झाली. मॅडमना ताप आला म्हणून त्या खोलीवर थांबल्या. मी आणि दत्ताभाऊ माळाच्या कडेला बोलेरो लावून वडापाव खात होतो. रिसीव्हर बॉनेटवर, स्कॅनवर ठेवलेला, म्हणजे तो आपोआप एक-दोन, एक-दोन करत राहतो. नर कुठं सरकतोय का बघायला. चॅनेल एक कुणी डिलीट केलंच नव्हतं.

बीप.

मी खाता खाता म्हणलं, "आला बघा नर."

दत्ताभाऊंनी रिसीव्हरकडं बघितलं आणि चावायचं थांबवलं. "बारक्या मॅडम... दोन न्हाय ओ. एक हाय."

एकच होतं. स्क्रीनवर एक. आणि बीप हळू. बीप... बीप... बीप... मेल्याचा नाही. चालत्या जनावराचा.

मी म्हणलं बिघडलाय. बंद केला, चालू केला, बॅटरी बदलली, अँटेनाची वायर बदलली. बीप... बीप... मग मॅडमना फोन.

"मॅडम, थोरलीची कॉलर कपाटात आहे ना?"

"म्हणजे काय? तिथेच आहे."

"जरा उघडून बघता का? प्लीज. हातात घ्या."

किल्लीचा आवाज आला, कपाटाचं दार करकरलं. "हातात आहे माझ्या. चुंबक लावलेला आहे, टेप आहे तशी आहे. का? काय झालं?"

मी फोन रिसीव्हरजवळ धरला. दोन्ही आवाज... फोनमधनं मॅडम 'हॅलो, हॅलो' आणि समोर बीप... बीप...

मॅडम म्हणाल्या, "इंटरफेरन्स असेल. कुणाच्या मोटारीच्या स्टार्टरचा, नाहीतर टॉवरचा."

शक्य आहे. मीही तेच धरून चालले. पण मंडळी, मला सवयच लागलीय ओ. बीप आला की हात आपोआप अँटेना फिरवतो. फिरवली. एका बाजूला स्पष्ट मोठा, बाकीकडं बारीक. होकायंत्र लावून दिशा घेतली. दत्ताभाऊ गाडीत जाऊन बसले.

"मी न्हाय यायचा. मेल्याली हाय ती, माझ्या हातानं पुरलीया."

"दत्ताभाऊ, सिग्नल आहे नुसता. दुसऱ्या जागेवर चला."

"तुमच्यात काय मानत न्हाईत म्हणून तुमाला सोपं हाय. माझी आई घरात घ्यायची न्हाय मला."

"आईला सांगायचं कशाला? चला, नाहीतर मी चालवते बोलेरो."

"नगं!" माझं ड्रायव्हिंग त्यांना माहीत होतं. आले गुमान.

तीन जागा. तीन दिशा. मोबाईलवर रेघा मारल्या आणि त्या एकाच ठिकाणी मिळाल्या. ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहितीय, रेघा कधी इतक्या नीट मिळत नाहीत. नेहमी एक त्रिकोण राहतो आणि त्यात शोधत बसावं लागतं. ह्या वेळी टिंबच. माळाच्या दक्षिण टोकाला, एका बुटक्या बोराटीखालचा ओघळ. तिकडं आम्ही बघितलंच नव्हतं कारण रस्ता जवळ होता, एवढ्या जवळ ती बीळ करणार नाही असं सगळ्यांनाच वाटलेलं.

जवळ गेलो तसा बीप बंद झाला. मी रिसीव्हरवर चापट मारली, काही नाही. आणि त्या शांततेत ओघळाच्या काठातनं बारीक कुईकुई ऐकू आली.

दत्ताभाऊ खाली बसले. नुसतं म्हणाले, "आगं माझे आये." मला कळलं नाही कुणाला म्हणाले ते.

चार पिल्लं. मातकट रंगाची, कान अजून नीट उभे नसलेली. लांबनं बघितलं आणि मागं फिरलो. समोरच्या हिवराच्या खोडाला कॅमेरा बांधला. जनावर पुढून गेलं की त्याचा आपोआप फोटो निघतो. दुसऱ्या दिवशी सकाळी हिवराच्या मागनं जाऊन कार्ड काढून बघितलं तर त्यात नर! पोट फुगवून आलेला, पिल्लांसमोर मांस ओकून टाकतोय अन् ती खातायत. लांडगे असंच भरवतात. म्हणजे आई गेली तरी जगणार होती ती. बापानं वाढवली असती. मी बोलेरोत नाचले, शप्पथ.

मॅडम तापातच उठून आल्या. फोटो बघून हसल्या, पहिल्यांदाच इतक्या दिवसांत. बीळ सापडलं कसं, ते कुणीच बोललं नाही. मॅडम म्हणाल्या, "शोधताना सापडलं, असं लिहू." मी मान हलवली. खरंच काय लिहिणार होतो?

आता इथून पुढचं नीट वाचा, कारण मला अजून झोपेत हेच आठवतं. बीप नाही. हे.

आमच्या कामात एक नियम आहे — बिळाची जागा व्हॉट्सॲपवर पिन टाकून कधीच पाठवायची नाही. पिन फॉरवर्ड होते, मग कॅमेरे घेऊन फोटोवाले येतात, पिल्लांच्या तोंडात लेन्स घालतात. बिळाजवळ झेंडा, दगड, कसलीच खूण ठेवायची नाही. आणि आपणसुद्धा फिरकायचं नाही. नियम चांगला आहे. जनावराच्या भल्यासाठीच आहे. मॅडमनी तो तंतोतंत पाळला. त्या सरकारी ऑफिसला मेल केला, त्यात फक्त जागेचे आकडे, म्हणजे अक्षांश-रेखांश, आणि फोटो. रविवार असूनही तिकडून फोनही आला, "मॅडम, काळजी करू नका, तेवढा भाग मार्क करून घेतो." मॅडम म्हणाल्या कृपा करून तिथं गर्दी नको. ते म्हणाले, अजिबात नाही.

जागेचे आकडे लिहायच्या दोन-तीन पद्धती असतात. मॅडमनी मिनिटं आणि त्यापुढं पॉइंट देऊन लिहिले होते. तिकडं ज्यानं उतरवून घेतले त्यानं पॉइंटच्या पुढचे आकडे सेकंद धरले. झालं. नकाशावर बोटभर फरक. माळावर मात्र हे टोक आणि ते टोक.

त्याच रविवारी दुपारनंतर मी बारामतीला घरी गेले. आईनं पुरणपोळी केली होती, मी सगळ्यांना पिल्लांचे फोटो दाखवले. पप्पा म्हणाले, "मांजराची हायत का काय!" सोमवारी सकाळी दत्ताभाऊ मला घ्यायला आले आणि आम्ही थेट माळावर गेलो. लांबनं नुसतं बघायचं होतं की जेसीबी कुठं चाललाय.

माळाच्या उत्तरेला एक मोठं पांढरं रिंगण दिसलं. चुन्याची फक्की मारून आखलेलं. इतकं सुंदर गोल की क्रिकेटच्या मैदानावरसुद्धा नसतं. मधे बोर्ड — वन्यप्राणी अधिवास, प्रवेश बंद. आणि आत काय? काहीच नाही. गवत. नुसतं गवत डुलतंय वाऱ्यावर.

मी म्हणलं, "दत्ताभाऊ, हे हितं का?"

ते उत्तर द्यायच्या आत माझ्या गळ्यातल्या रिसीव्हरवर आलं. चॅनेल एक. बीप... बीप... बीप...

अँटेना फिरवायची गरजच नव्हती पण फिरवली. दक्षिण. आणि दक्षिणेकडनंच जेसीबीचा आवाज येत होता.

पळाले. दत्ताभाऊंनी गाडी वळवली पण मधे नवीन चर काढलेले, गाडी जाईना. मग तेही पळत आले. रिसीव्हर छातीवर आपटतोय आणि त्यातनं बीप... बीप... मी ओरडत होते 'थांबवा, ओ थांबवा'. इंजिनाच्या आवाजात त्याला काय ऐकू जाणार? बोराटी दिसली, तिच्या पलीकडं पिवळं बकेट वर गेलं, खाली आलं.

आणि बीप बदलला. एका झटक्यात. बीपबीपबीपबीपबीप.

मंडळी, कॉलर बरेच तास हलली नाही तरच तो बदलतो. तशी सेटिंगच असते. झटक्यात कधीच बदलत नाही. मी त्या क्षणी ऐकला. दत्ताभाऊंनी ऐकला. थोडा वेळ तसाच वाजला, मग बंद.

ऑपरेटरनं आम्हाला बघून मशीन बंद केलं. माझ्याच वयाचा असेल. कानातला हेडफोन काढला. "काय झालं ताई?"

दत्ताभाऊ त्याच्यावर धावून गेले, गचांडी धरली. "आंधळा हायस का? दिसलं न्हाय का तुला?"

"मला ती फक्की दाखवली ओ आण्णा," तो रडकुंडीला आला, "म्हणले ह्याच्या आत जायचं न्हाय. मी आत गेलोच न्हाय की! चाकसुद्धा लावलं न्हाय. विचारा कुणालाबी."

खरंच गेला नव्हता. रिंगणाच्या आत एक काडी मोडली नव्हती.

चारही पिल्लं होती मुरमात. बघायचं नाही ठरवलं होतं, बघितलं. त्या पोरानं स्वतःच्या गळ्यातला टॉवेल काढला आणि त्यात घेतली एकेक. नंतर तो चराच्या काठावर बसून राहिला. त्याचा मुकादम फोनवर फोन करत होता, त्यानं उचलला नाही.

चार दिवसांनी मी कॅमेऱ्याचं कार्ड काढलं. हिवराला हात लागला नव्हता, त्यामुळं कॅमेरा चालूच होता. सोमवारचे फोटो मी बघितले नाहीत, पुढं ढकलले. मंगळवारी सकाळी नर आलाय. पोट भरून. चराच्या काठावर उभा आहे. इकडं वास घेतोय, तिकडं घेतोय. आणि मग त्या उकरलेल्या मातीवर त्यानं मांस ओकून टाकलंय अन् वाट बघत बसलाय. पुढच्या फोटोत बसलाय. त्याच्या पुढच्या फोटोतही बसलाय. शेवटी कावळे आले.

सरकारी ऑफिसात मीटिंग झाली. चहा, बिस्किटं. एक जण म्हणाले, "आम्ही काम थांबवलं होतं की! फोटो आहेत आमच्याकडं मार्किंगचे." दुसरे म्हणाले, आकडे तुम्ही असे का पाठवले? तिसरे म्हणाले, सरळ लोकेशन टाकायचं ना मॅडम, हल्ली लग्नपत्रिकेतसुद्धा टाकतात. सगळे थोडे हसले. मॅडम हसल्या नाहीत. परत येताना बोलेरोत मागच्या सीटवर बसून रडत होत्या, आम्ही दोघं पुढं बघत बसलो. शेवटी ऑफिसच्या कागदावर आलं की बीळ बहुधा वापरात नव्हतं. बहुधा! आमचे फोटो त्यांच्याच मेलमध्ये पडून होते.

मी मॅडमना एकदाच म्हणलं की आपण तरी आपल्या रिपोर्टमध्ये तो बीप लिहू. त्या म्हणाल्या, "प्रणाली, मेलेल्या जनावराच्या कॉलरवरून दिशा घेतली असं लिहिलं तर उद्या आपला सगळा डेटा खोटा ठरवतील. मग पुढचा माळही जाईल." बरोबर आहे त्यांचं. म्हणून जास्त राग येतो.

मी शोधलं नाही असं नाही. मोटारीचे स्टार्टर, टॉवर, दुसऱ्या कुठल्या प्रोजेक्टची कॉलर — सगळं तपासलं. त्या फ्रिक्वेन्सीवर आसपास काहीच नाही. कॉलर कंपनीला परत पाठवली, त्यांचं उत्तर आलं की चुंबक लावल्यानंतर ती एकदाही चालू झालेली नाही. आणि इंटरफेरन्स आलाच असं धरलं, तरी त्याच्या तीन रेघा बरोबर चार पिल्लांवर कशा मिळतील?

कितीतरी महिने घरी सांगितलं नव्हतं. परवा सांगितलं. पप्पा कामावरनं आले होते, गाडीची किल्ली अजून हातात. मी कात्रीच्या तयारीत बसले होते. ते मशीनवरचे माणूस, त्यांनी मशीनचेच प्रश्न विचारले.

"चुंबक पक्का होता?"

"व्हय."

"तू सोडून आजून कुणी ऐकलं?"

"दत्ताभाऊंनी. मॅडमनी फोनवर."

"बॅटरी बदललीस म्हणतीस?"

"वायरसुद्धा."

त्यांनी किल्ली खुंटीला अडकवली. मग म्हणाले, "तर मग म्हाईत न्हाय, असं म्हणायचं. त्यात काय लाज न्हाय. पण भूत-बित म्हणू नकोस."

"मग काय म्हणू पप्पा?"

"मेल्या आईनं पोरांचा पत्ता सांगितला, अन् जित्या माणसांना तो धड उतरवून घ्याया आला न्हाय. हे लिही. कुटं लिहितीस तिथं लिही."

म्हणून लिहिलं. पप्पांनाच आधी वाचायला देणार आहे.

आता माळावर चरच चर आहेत. रोपं लावली होती, उन्हाळ्यात वाळली, नुसत्या काड्या उभ्या आहेत. फक्की पावसात धुऊन गेली, बोर्ड वाकडा झालाय. पण रिंगणाच्या आत चर नाही, म्हणून गवत आहे, गुडघ्याएवढं. अख्ख्या माळावर तेवढंच राहिलंय. दुपारी रिसीव्हर लावला की चॅनेल दोनचा बीप तिथनंच येतो. नर त्या गवतात एकटा झोपलेला असतो. दत्ताभाऊ म्हणतात, दुसरीकडं आडोसाच कुठं ठेवलाय त्याला.

तेव्हा दोन नंबरचं स्पष्टीकरण माझ्याकडं आहे. एक नंबर अजून सेव्ह आहे, रोज एकदा लावून बघते. खरखर येते. थोरलीचं स्पष्टीकरण मात्र नाही.